सी-१७ ग्लोबमास्टर: १२८ टक्क्यांवर मोडलेला पंख आणि त्यानंतरची तीन वर्षं

गगनवेडा

१ ऑक्टोबर १९९२. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथं मॅक्डॉनल डग्लस कंपनी अमेरिकन हवाई दलासाठी सी-१७ हे अवजड मालवाहू विमान बनवत होती. त्यातलं एक विमान कधीच उडणार नव्हतं. लोखंडी चौकटीत जखडून, मोडेपर्यंत ताण देण्यासाठीच ते बनवलं होतं. हायड्रॉलिक जॅक पंख हळूहळू वर उचलत होते. प्रत्यक्ष सेवेत पंखांवर जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो तो १०० टक्के धरायचा आणि पंखांनी १५० टक्के भार सोसून दाखवायचा, अशी अट होती. १२८ टक्क्यांवर दोन्ही पंख मोडले.

तोवर सी-१७ हवेत उडायला लागून वर्ष उलटलं होतं. पहिलं उड्डाण १५ सप्टेंबर १९९१ चं. कारखान्यात पुढची विमानं रांगेनं तयार होत होती आणि त्या सगळ्यांना याच आराखड्याचे पंख बसत होते.

या विमानाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात ७७ टन भार, रणगाडा, चित्ते, काबूल हे सगळं येतं. ते विमान जवळजवळ रद्द कसं झालं होतं आणि का झालं नाही, हे फारसं येत नाही. मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा.

मुळापासून सांगतो. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकन हवाई दलाकडे तीन प्रकारची मालवाहू विमानं होती. सी-५ गॅलेक्सी अवाढव्य, रणगाडे नेणारं, पण त्याला मोठी धावपट्टी आणि उभं राहायला मोठी जागा लागायची. सी-१४१ स्टारलिफ्टर वेगवान आणि लांब पल्ल्याचं, पण पोट अरुंद. आतली रुंदी तीन मीटरच्या थोडी वर. आणि सी-१३० हर्क्युलिस कच्च्या पट्टीवरही उतरणारं, पण त्यात रणगाडा मावत नाही. त्यामुळे जड सामान आधी मागच्या मोठ्या तळावर उतरवायचं, तिथून लहान विमानात किंवा ट्रकवर चढवायचं आणि पुढं न्यायचं. या चढउतारीत दिवस जायचे. रणगाडा तर पुढच्या पट्टीवर विमानानं पोचायचाच नाही.

सत्तरच्या दशकात सी-१३० ची जागा घेण्यासाठी दोन प्रायोगिक विमानं बनली. बोइंगचं वायसी-१४ आणि मॅक्डॉनल डग्लसचं वायसी-१५. दोघांचंही काम एकच, आखूड पट्टीवर उतरणं, पण युक्त्या वेगळ्या. बोइंगनं दोन इंजिनं पंखाच्या वर बसवली, मॅक्डॉनल डग्लसनं चार इंजिनं पंखाखाली. दोन्ही उत्तम उडाली आणि १९७९ च्या अखेरीस तो कार्यक्रमच गुंडाळला गेला. पण त्याच महिन्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, इराणमध्ये ओलीस प्रकरण चालूच होतं. इतक्या लांब, जिथं आपला तळ नाही अशा ठिकाणी फौज पोचवायची कशी, हा प्रश्न वॉशिंग्टनला पडला. त्यातून सी-एक्स नावाची नवी मागणी निघाली: सी-५ सारखं अवजड सामान न्यायचं, समुद्रापार न्यायचं आणि उतरायचं मात्र सी-१३० उतरतं तशा पट्टीवर, सुमारे ९०० ते हजार मीटरच्या. २८ ऑगस्ट १९८१ ला मॅक्डॉनल डग्लसची निवड झाली.

निवड झाली आणि लगेच काम थंडावलं. सरकारनं ठरवलं की घाई आहे तर आधी ५० सी-५बी आणि टँकरचंही काम करणारी केसी-१० घेऊ; सी-१७ सावकाश. पूर्ण विकासाचा करार होईपर्यंत १९८५ संपत आलं.

आणि तो करार. माझ्या मते सगळं दुखणं तिथं आहे. जे विमान अजून कागदावर आहे त्याच्या विकासाची किंमत आधीच ठरवून टाकली. विकास आणि सुरुवातीची काही उत्पादन विमानं मिळून कमाल मर्यादा ६.६ अब्ज डॉलर, वरचा खर्च कंपनीच्या डोक्यावर. ऐकायला सरकारच्या फायद्याचं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? खर्च मर्यादेच्या एक अब्जाहून जास्त वर जाणार हे दिसू लागल्यावर कंपनी प्रत्येक बदलावर भांडू लागली, आणि हवाई दलातल्या काही अधिकाऱ्यांनी कंपनीची रोकड आटू नये म्हणून हप्ते वेळेआधी सोडले. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकानं जानेवारी १९९३ मध्ये त्यावर अहवाल दिला. संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी कार्यक्रम सांभाळलेल्या एका मेजर जनरलला पदावरून काढलं, इतरांवरही कारवाई झाली.

त्याच वेळी लाँग बीचला एमडी-११ या प्रवासी विमानाचंही काम चालू होतं. अनुभवी माणसं वाटली गेली होती. विमान एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर जायचं, तेव्हा मागचं काम पुरं झालेलं नसायचं. ते पुढे जाऊन, भलत्या क्रमानं करावं लागायचं. एकदा बसवलेलं उचकटून आतलं राहिलेलं काम करायचं, पुन्हा बसवायचं. विमान कारखान्यात यासारखी खर्चिक गोष्ट नाही.

पंख मोडण्याची कारणं शोधल्यावर जे निघालं ते वाचण्यासारखं आहे. सुरुवातीच्या आकडेमोडीत चूक, जरा जास्तच आशावादी गृहीतकं, आणि दाबाखाली पत्रा किती टिकेल हे काढण्याच्या पद्धतीत दोष. पंख हलका करायचा होता, कारण वजन वाढलं की पल्ला घटतो, आणि पल्ल्याची अट आधीच हुकत होती. दुरुस्तीनंतर सप्टेंबर १९९३ च्या चाचणीत पंख १४५ टक्क्यांपर्यंत गेले.

डिसेंबर १९९३ मध्ये संरक्षण खात्यानं कंपनीला सांगितलं: दोन वर्षं देतो. सुधारलात तर पुढचं बोलू, नाहीतर ४० विमानांवर कार्यक्रम बंद. मुळात २१० घ्यायची होती, १९९० मध्ये ती १२० वर आणली होती, आता ४०. आणि ही नुसती धमकी नव्हती. पर्यायांची खरोखर तपासणी सुरू झाली. बोइंगच्या ७४७-४०० मालवाहू विमानाला सी-३३ असं नाव देऊन ते स्पर्धेत उभं केलं, लॉकहीडनं सुधारित सी-५ पुढे केलं.

जुलै १९९५ मध्ये ३० दिवसांची कसोटी झाली. नुसती प्रात्यक्षिकं नाहीत, नेमणुकीवरची डझनभर विमानं घेऊन शांतताकाळाचा आणि मग युद्धकाळाचा वेग धरून रोजची उड्डाणं. किती वेळा वेळेवर सुटलं, किती वेळा बिघडलं, दुरुस्तीला किती मनुष्यतास गेले, सगळं मोजलं. सी-१७ अपेक्षेच्या वर उतरलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये आणखी ८० विमानांना मंजुरी मिळाली. पुढे सगळ्या देशांची मिळून एकूण २७९ बनली.

माझं म्हणणं असं की विमानाचा आराखडा कधीच वाईट नव्हता. अडलं ते करारात, आणि चाचण्या व्हायच्या आधीच उत्पादन सुरू करण्यात. आणि ते सुटलं ते दोन गोष्टींमुळे: समोर खरा प्रतिस्पर्धी होता, आणि कसोटी मोजता येण्यासारखी होती. आपण स्वतः मोठं विमान बनवायला घेऊ त्या दिवशी हे दोन्ही आपल्याकडे असेल का, हा मला पडलेला प्रश्न आहे. मतं वाचायला आवडतील.

---

पिंपळपान

लेख आवडला. एक अडाणी प्रश्न. ७७ टन घेऊन हजार मीटरमध्ये उतरतं कसं? इंजिन पंखाखाली असणं यात विशेष काय, सगळ्याच प्रवासी विमानांना तसंच असतं ना?

---

यंत्रांगण

@पिंपळपान, प्रश्न अडाणी अजिबात नाही, विमानाचं मर्मच तिथं आहे.

प्रवासी विमानात इंजिनाचा झोत फ्लॅपला (पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपांना) लागू नये अशी काळजी घेतात. सी-१७ मध्ये उलट. इंजिनं पंखाच्या पुढे आणि पंखाला जवळ टांगली आहेत, जेणेकरून फ्लॅप खाली आल्यावर झोत थेट त्यांच्यावर जावा. फ्लॅपमध्ये फटी आहेत. झोताचा काही भाग त्या फटींतून वर येऊन फ्लॅपच्या पाठीवरून वाहतो, बाकीचा खालून वळतो, आणि सगळा मिळून खाली फेकला जातो. म्हणजे पंखाला विमानाच्या वेगामुळे मिळणारी उचल अधिक इंजिनाच्या जोरावर मिळणारी उचल. त्यामुळे एवढं धूड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं उतरायला येऊ शकतं. ही युक्ती वायसी-१५ वर सिद्ध झाली होती, तीच इथं आली. गरम झोत सतत लागणार म्हणून फ्लॅपला टायटॅनियम वापरावं लागलं.

याचा वैमानिकावर होणारा परिणाम मला फार रोचक वाटतो. नेहमीच्या विमानात उतरताना शेवटी नाक थोडं वर करून चाकं अलगद टेकवतात. आखूड पट्टीवर सी-१७ तसं करत नाही. तीव्र उतारानं येतं आणि जवळजवळ त्याच उतारानं जमिनीवर बसतं. चाकांचे पाय तो दणका सोसतील असेच बनवले आहेत. अलगद उतरायला गेलं तर पट्टीचे शे-दोनशे मीटर हवेतच संपतात, आणि तेवढे जास्तीचे तिथं नसतात.

थांबल्यावरचंही बघा. उलट झोताची दारं हवा पुढे आणि वर फेकतात, खाली नाही. त्यामुळे कच्च्या पट्टीवरची धूळ-खडी इंजिनात कमी जाते, आणि इंजिनं चालू ठेवून मागून माल उतरवणाऱ्या माणसांच्या अंगावर झोत येत नाही. त्याच उलट झोतावर हे विमान स्वतः मागे सरकतं, थोडा चढ असला तरी. २७ मीटर रुंदीच्या पट्टीवर पुढे-मागे करत उलट्या दिशेला वळू शकतं. लहान तळावर ढकलगाडी नसते, वळायला जागा नसते. तिथं हे नसेल तर पहिलं उतरलेलं विमानच वाट अडवून बसेल.

पंख ५१.७५ मीटरचे ठेवून टोकाला उभे पंखोटे लावण्यामागेही हेच आहे. लांब पंख पल्ल्याला चांगले, पण लहान तळावर दोन विमानं शेजारी उभी राहिली पाहिजेत.

---

हिशेबनीस

गगनवेडा, मांडणी चांगली आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

आज विमान यशस्वी दिसतं म्हणून मागे जाऊन 'आराखडा कधीच वाईट नव्हता' म्हणणं सोपं आहे. १९९३ मध्ये निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसा. पंख मोडलेला आहे. पल्ला आणि भार ठरल्यापेक्षा कमी आहे. छत्रीधारी सैनिकांच्या मोठ्या उडीत अडचणी आहेत. कंपनी आर्थिक अडचणीत आहे. करदात्याचा पैसा घालायचा की नाही? मी असतो तर सी-३३ आणि काही सी-५ घेऊन मोकळा झालो असतो. मालाचा मोठा भाग काही रणगाडा नसतो. खोकी, अन्न, दारूगोळा, सुटे भाग. ते ७४७ स्वस्तात नेतं.

आणि भारताचं म्हणाल तर २०११ मध्ये १० विमानांसाठी ४.१ अब्ज डॉलर मोजले. पुढे कॅगनं काय नोंदवलं? उड्डाणं क्षमतेपेक्षा खूप कमी भार घेऊन होतात. पुरेशा मजबूत धावपट्ट्या आणि माल चढवायची सामग्री सगळीकडे नाही. म्हणजे घेतलं ते विमान, पण त्याच्या भोवतीची व्यवस्था मागाहून.

---

सोनेगावकर

नमस्कार. मी हवाई दलातून निवृत्त, नागपूरचा. आयएल-७६ वर म्हणजे आपल्या गजराजवर माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूला काम केलंय, त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१९८५ पासून देशाचा जड भार गजराजनं वाहिला. त्याच्या पोटात छताला रुळांवर चालणारे उचलयंत्र बसवलेले असतात, दहा टनांपर्यंत उचलणारे. खाली क्रेन नसली तरी माल आत घेता येतो. रशियन लोकांनी ते विमान सैबेरियासाठी बनवलं, जिथं तळावर काहीच नसतं. हिशेबनीस साहेब जी सामग्रीची कमतरता म्हणतात ती गजराजला कमी भासायची, कारण बरंचसं तो बरोबरच घेऊन यायचा.

पण पोटाची रुंदी. गजराजची साडेतीन मीटरच्या आत, सी-१७ ची साडेपाच. आकड्यात दोन मीटर. माल चढवणाऱ्याला विचारा. रुंद वाहन गजराजमध्ये मागून घेताना दोन्ही बाजूंना एकेक माणूस भिंतीला चिकटून उभा, हातांनी खुणा करतोय, चालकाला आरशात फक्त तोच दिसतोय. सी-१७ मध्ये जीपा दोन रांगांत शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि मधून माणूस चालत जाऊन साखळ्या आवळतो. फरशीतल्या रुळाच्या पट्ट्या उलटवल्या की सपाट फरशी, पुन्हा उलटवल्या की पॅलेट ढकलायला रूळ. गजराजला चालक दलात नेव्हिगेटर खाली काचेच्या नाकात, शिवाय फ्लाइट इंजिनिअर, रेडिओवाला. सी-१७ ला दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर (मालाची जबाबदारी सांभाळणारा) एवढ्यावर काम भागतं. दिल्लीजवळ हिंडनला, आपली सी-१७ जिथं असतात त्या ८१ स्क्वाड्रनमध्ये, आमच्या ओळखीची पोरं गेली, त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, की इथं लोडमास्टरला त्याची स्वतःची बसायची जागा आणि पडदा आहे, वजनाचा तोल तिथंच मांडता येतो.

राहिली भार कमी असल्याची गोष्ट. लेहला जाताना ७० टन कोण भरेल? पट्टी समुद्रसपाटीपासून १०,६०० फुटांवर. हवा विरळ, उन्हाळ्यात दुपारी आणखी विरळ. उतरणं जमेल पण निघताना काय? तिथं भार कमीच घेतात, आणि सकाळी लवकर जाऊन परततात. सरासरी काढणाऱ्याला हे कागदावर दिसत नाही. बाकी पट्ट्या आणि सामग्रीबद्दल कॅगचं म्हणणं रास्त होतं.

---

हिशेबनीस

सोनेगावकर काका, लेहचा मुद्दा मान्य. उंचावरच्या फेऱ्या वेगळ्या काढून सरासरी पाहायला हवी. सी-३३ बद्दलचं मत मात्र कायम.

---

अपर्णा_आर्टेशिया

धागा बघून राहवलं नाही. आम्ही लाँग बीचपासून जवळच राहतो. विमानतळाच्या कडेला ती जुनी शेड आणि तिच्यावरचा 'फ्लाय डीसी जेट्स' हा निऑनचा फलक या भागात सगळ्यांना ओळखीचा.

इथली एक बाजू वरच्या चर्चेत आली नाही म्हणून सांगते. नव्वदच्या सुरुवातीला शीतयुद्ध संपलं आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यांवर कुऱ्हाड पडली. हजारो घरांच्या नोकऱ्या गेल्या. सी-१७ ४० वर थांबलं असतं तर लाँग बीचच्या बऱ्याच वस्त्या रिकाम्या झाल्या असत्या. त्यामुळे संसदेत या विमानाच्या बाजूनं बोलणारे सगळे काही लष्करी कारणासाठी बोलत नव्हते. सुटे भाग बनवणारे कारखाने कितीतरी राज्यांत पसरलेले होते, तेवढे खासदार पाठीशी. गगनवेडा, तुम्ही विमान वाचण्याची दोन कारणं दिलीत, त्यात हे तिसरं धरा. १९९७ मध्ये मॅक्डॉनल डग्लस बोइंगमध्ये गेली तरी उत्पादन इथंच राहिलं. शेवटचं विमान इथून २९ नोव्हेंबर २०१५ ला उडालं. कुंपणापाशी बघायला आलेल्यांत आयुष्य त्या शेडमध्ये काढलेली माणसं होती, पुष्कळांचे डोळे ओले होते.

---

गगनवेडा

सगळ्यांचे आभार. एकेक घेतो.

@अपर्णाताई, तिसरं कारण पूर्ण मान्य. पण त्यानं विमान जिवंत राहिलं असतं, चांगलं झालं असतं असं नाही. नोकऱ्यांसाठी वाचवलेले आणि मग वर्षानुवर्षं रखडलेले कार्यक्रम अमेरिकेतही आहेत. १९९३ ते ९५ मध्ये कारखान्यात जो बदल झाला तो ४० ची टांगती तलवार होती म्हणून झाला. काम अर्धवट ठेवून विमान पुढच्या थांब्यावर ढकलणं त्याच काळात कमी होत गेलं.

@हिशेबनीस, सी-३३ बद्दल. ७४७ चं मालाचं दार जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच. त्याला खास उचलगाडी लागते, लांब पक्की पट्टी लागते, उभं राहायला जागा लागते. बंदरासारख्या मोठ्या तळावर ते उत्तमच. पण डिसेंबर १९९५ मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर महिन्याभरात, बोस्नियात तुझ्लाला फौज पाठवायची वेळ आली. १९९९ मध्ये अल्बानियात तिरानाला. दोन्हीकडे विमान उभं करायची जागा तुटपुंजी, पाऊस, चिखल. तिथं एका वेळी किती विमानं उभी राहतात आणि किती लवकर रिकामी होऊन निघतात, यावरच सगळं अवलंबून होतं. आणि मार्च २००३ मध्ये उत्तर इराकमधल्या बाशूरला. तुर्कस्ताननं जमिनीवरून वाट दिली नाही. १५ सी-१७ नी हजाराच्या आसपास छत्रीधारी रात्री उतरवले, आणि नंतर त्याच पट्टीवर सी-१७ नीच अब्राम्स रणगाडे आणून ठेवले. ७४७ नं यातलं काहीच होत नाही. तुम्ही १९९३ च्या खुर्चीत बसायला सांगता. सी-एक्सची मागणी नेमकी याच प्रसंगासाठी लिहिलेली होती. त्या खुर्चीतल्या माणसापुढे ती होतीच की.

छत्रीधाऱ्यांची अडचण खरी होती. मागच्या विमानातून उडी घेणाऱ्यांना पुढच्या विमानाच्या पंखांमागचे भोवरे गाठायचे. विमानांमधलं अंतर आणि रचना बदलून मार्ग काढला.

---

रानवाट

वाचतेय, फार माहितीपूर्ण. कुनोचे चित्ते याच विमानानं आले ना? आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्याहून ऑक्सिजनचे टँकर याच विमानानं नेले असं आठवतंय. रिकामे का नेले हे तेव्हा कळलं नव्हतं. भरलेले नेले असते तर वेळ वाचला नसता का?

---

यंत्रांगण

@रानवाट, चित्त्यांच्या दोन खेपा. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आलेले ८ भाड्याच्या ७४७ मधून आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेले १२ हवाई दलाच्या सी-१७ मधून, ग्वाल्हेरला.

ऑक्सिजनबद्दल. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो. टँकर कितीही चांगला असला तरी थोडा थोडा उकळत राहतो आणि वायू बाहेर सोडावाच लागतो. बंद विमानात तो वायू साठला की साधं कापड, ग्रीस, रबरसुद्धा भडकून पेटतं. शिवाय टाकीत द्रव हिंदकळला की वजनाचा तोल सरकतो. म्हणून रिकामा टँकर विमानानं कारखान्यापर्यंत न्यायचा, आणि भरलेला रस्त्यानं किंवा रेल्वेनं परत. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याहून दोन रिकामे टँकर सी-१७ नं जामनगरला नेले. जाण्याचा अख्खा प्रवास दीड-दोन तासांवर आला, आणि येण्याचा तेवढा रस्त्यानं. सिंगापूर, दुबईहूनही रिकाम्या टाक्या अशाच पानागढला आणल्या.

---

सोनेगावकर

यात पोटाच्या उंचीचाही भाग आहे. आत पावणेचार मीटर उंची. टँकर चासिससकट, चाकांवर, मागे घेत उताराच्या फळीवरून आत. सुटा करायला लागला असता तर क्रेन आली, वेळ गेला. फळीच्या तोंडाशी, जिथं उतार संपून फरशी सपाट होते, तिथं लांब वाहनाचा मधला भाग खाली घासतो किंवा मागचा भाग छताला लागतो. तिथं चालकाला इंच-इंच घ्यावं लागतं, खाली लाकडी ठोकळे लावून फळीचा कोन कमी करतात. त्या दिवसांत ज्यांनी हे रात्रंदिवस केलं त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे.

---

पिंपळपान

सोनेगावकर काका, तुम्ही वेगळा धागा काढाच गजराजवर. खूप जणांना वाचायचं असेल.

गगनवेडांच्या शेवटच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही. आपण स्वतः का बनवू शकलो नाही?

---

यंत्रांगण

एकदा प्रयत्न झाला. रशियाबरोबर २० टनांच्या वर्गातलं मालवाहू विमान मिळून बनवायचं ठरलं होतं, हिंदुस्तान एरोनॉटिक्स आपल्या बाजूनं. इंजिनावरून अडलं. आपल्याला पूर्ण संगणकनियंत्रित नवं इंजिन हवं होतं, रशिया हातात असलेलं इंजिन द्यायला तयार होता. काही वर्षं बोलणी होऊन ते बारगळलं. आता वडोदऱ्याला सी-२९५ बनतंय, ५६ पैकी ४० तिथं. ते नऊ-दहा टनांचं विमान, आराखडा स्पेनमधल्या एअरबसचा. पण पत्रे, सांधे, वायरिंग, चाचण्या हे सगळं एका खासगी भारतीय कारखान्यात होतंय हे मोठंच पाऊल आहे. सी-१७ चा इतिहास वाचल्यावर वाटतं की खरा अडसर आराखड्याआधी येतो. लाँग बीचला डीसी-८, डीसी-९, डीसी-१० बनवलेली माणसं होती, आणि तरी ते अडखळले.

---

हिशेबनीस

यात मात्र गगनवेडांशी पूर्ण सहमत. कागदावरच्या विमानाची किंमत आधी बांधून घ्यायची आणि नंतर प्रत्येक बदलावर वाद घालायचे, हे आपल्याकडच्या सार्वजनिक कामांतही रोज दिसतं. विकासाचा करार वेगळा, उत्पादनाचा वेगळा, आणि मधे मोडेपर्यंतची चाचणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरा करार नाही. एवढं जरी पाळलं तरी खूप.

एक शंका. इतकं चांगलं विमान आहे तर कारखाना बंद का केला? आणि आपण ११ वरच का थांबलो?

---

गगनवेडा

@हिशेबनीस, अमेरिकन हवाई दलाची शेवटची खरेदी २२३ व्या विमानावर थांबली, ते सप्टेंबर २०१३ मध्ये पोचलं. बाकी ग्राहक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कतार, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, नाटोचा गट आणि आपण. एवढ्यांच्या थोड्या-थोड्या विमानांवर वर्षाला दहा-पंधरा बनवणारी रांग चालत नाही. तरी बोइंगनं शेवटची काही विमानं ग्राहक नसताना स्वतःच्या जोखमीवर बनवली आणि ती हळूहळू विकली.

आपल्याला १० नंतर आणखी हवी होती. पण आपली निर्णयप्रक्रिया चालू असताना ती न विकलेली विमानं एकेक करून इतरांनी उचलली. शेवटी एकच शिल्लक होतं, ते आपण घेतलं, ऑगस्ट २०१९ मध्ये हिंडनला आलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये अरुणाचलात मेचुकाच्या ४,२०० फुटांच्या पट्टीवर सी-१७ उतरवून दाखवलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून ११२ जणांना आणलं, त्याच वर्षी लडाखला फौज आणि चिलखती वाहनं नेली, ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून माणसं आणली, मार्च २०२४ मध्ये अरबी समुद्रात किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या दोन बोटी छत्र्यांनी उतरवल्या. हे सगळं ११ विमानांवर. एखादं मोठ्या देखभालीसाठी उभं असतं, एखादं प्रशिक्षणात. आता सुटे भागसुद्धा अमेरिकन ताफा जोवर उडतोय तोवर सहज मिळतील. त्यांचा बेत हे विमान आणखी काही दशकं वापरायचा आहे, तो दिलासा.

@सोनेगावकर काका, गजराजचा धागा तुम्ही काढा. माझ्याकडे त्याच्या ताश्कंदच्या कारखान्याबद्दल काही वाचलेलं आहे, ते तिथं प्रतिसादात घालतो.

---

सोनेगावकर

काढतो. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून लेहच्या फेऱ्यांचे काही तपशील पक्के करून घेतो, मग लिहितो. पिंपळपान, तोवर एक सांगून ठेवतो: गजराजच्या धाग्यात उचलयंत्र आणि काचेच्या नाकातला नेव्हिगेटर यांवर सविस्तर लिहीन, कारण नवीन पोरांनी ते पाहिलेलंच नाही.

---

रानवाट

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)!